एक वीत खडक

गफ्फारनं पेटी उघडली. आठ ते बारा मीटर खोलीवरचा खडक त्यानं काल स्वतःच्या हातानं तिच्यात रचला होता. आज तिथं नुसती हवा होती.

गफ्फार बोअर मशीनचा मिस्त्री. अहेरीच्या वाटेवर मोहटोला गावाशी नाल्यावर पूल बांधायचा होता. खाली खडक आहे की गाळ, हे बघायला १९८४ च्या मार्चात सरकारनं त्याला तिकडं धाडलं होतं. मशीन जमिनीला भोक पाडायचं आणि मनगटाएवढा जाड, गुळगुळीत दगडी दांडा वर काढायचं. त्याचे तुकडे खोलीच्या क्रमानं लाकडी पेटीत लावायचे आणि पेटी नागपूरला पाठवायची. नागपूरचे मोठे साहेब नाल्यावर येत नसत. नाल्यानंच पेटीत बसून त्यांच्या भेटीला जावं, अशी पद्धत होती.

चोर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सकाळची वेळ, आणि गावात घरोघरी पाट्यावर मिरच्या वाटल्या जात होत्या.

"काऊन भाऊ, हे फेकाचे गोटे नव्हते काय?" पहिल्याच अंगणात ठमाबाईनं वाटता वाटता विचारलं. "असा वरवंटा बाजारात नाई भेटत."

"बाई, वरवंटा नाई हा, तुमचा पूल हाय!" गफ्फारनं कपाळाला हात लावला. "पेटीत जेवढा दगड, तेवढाच जमिनीत दगड. जागा खाली दिसली का साहेबलोक म्हंते, खाली पोकळ हाय. मग पूल गेला दुसरीकडं."

ठमाबाईचा हात थांबला. दोन पावसाळ्यांमागे तिची थोरली सून बाळंतपणात अडली होती. दवाखाना पलीकडे, पूर मध्ये. चौघांनी खाट उचलून नाल्यापर्यंत नेली. तिथं पाण्याकडे बघत बघतच ती गेली. धाकटी सून कांता नुकतीच घरात आली होती. ठमाबाई उठली, वरवंटा धुतला आणि गावभर ओरडत फिरली.

तासाभरात अकरा वरवंटे परत आले. गफ्फारनं तुटलेल्या कडेला कड जुळवत एकेक तुकडा जागेवर बसवला. चार मीटर भरले. एक बोटही कमी नाही. पेटीला लसणाचा वास येत होता, पण खडक पुरा होता. त्यानं नोंदवहीत तसं लिहिलं.

दुपारी जीपमधून उपअभियंता वामनराव उतरले. पेटीवर मोहोर लावायचं काम त्यांचं. त्यांनी एका तुकड्यावरचा पिवळा डाग नखानं खरवडला आणि हे कोणतं खनिज म्हणून विचारलं.

"हळद हाय, साहेब," ठमाबाई म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तिनं सगळं सांगून टाकलं.

वामनरावांना संताप अनावर झाला. सरकारी मालमत्ता म्हणजे काय, तिला हात लावणं हा केवढा गुन्हा, अडाणीपणानं देश कसा मागे राहतो, यावर ते पाव तास बोलले. बाया मान खाली घालून ऐकत होत्या. मग साहेब पेटीवर वाकले. मधल्या खान्यातला सगळ्यात सरळ, सगळ्यात देखणा तुकडा त्यांनी उचलला, हातात तोलला आणि रुमालात गुंडाळला.

गफ्फार पुढं झाला. "साहेब, नेमका पायाच्या जागचा तुकडा हाय तो. तेवढी जागा खाली दिसन."

"एक वीत रे!" वामनराव हसले. "एका वितीनं पूल पडतो काय?" आणि त्यांनी मोहोर लावली.

मे महिन्यात नागपुरात बैठक झाली. मोठ्या साहेबांनी पेटीवर फूटपट्टी धरली. पायाच्या नेमक्या पातळीवर एक वीत पोकळी. नोंदवहीत तर खडक पुरा लिहिलेला. मिस्त्री लिहिण्यात चुकला, असा शेरा पडला. अशा जागी पूल बांधून माणसांच्या जिवाशी खेळायचं नाही, असं सर्वानुमते ठरलं. सर्वांत वामनरावही होते. ते एकदा खाकरले, पाणी प्यायले आणि त्यांनी सही केली.

पूल सत्त्याऐंशीत उभा राहिला. मोहटोल्यापासून बारा कोस खाली, जिथं पलीकडे जाणारं कुणी नव्हतं. त्याच श्रावणात कांताची खाट नाल्याकाठी दीड दिवस थांबून राहिली. कांता वाचली. मूल वाचलं नाही. ठमाबाई पाण्याकडे बघत म्हणाली, "सारे वापस देले होते वो आमी. सारे."

त्याच आठवड्यात नागपुरात वामनरावांकडे भजी-चटणीचा बेत होता. शेजारणीनं चटणीची तारीफ केली, तशा वहिनीसाहेब हातातला वरवंटा उंच करून म्हणाल्या, "हा आमच्या ह्यांनी जंगलातून आणला. तीन वर्षं रोज आपटते आहे, पण काय पक्का दगड आहे हो, अजून कण उडाला नाही!"