एका वेळी एकानंच

"एका वेळी एकानंच बोला!"

जॅनिस ऑकरॉइडनं हातांनी सांगितलं आणि शेजारी बसलेल्या दुभाषी रोवननं ते मोठ्यानं बोलून दाखवलं. टेबलाभोवतीचे अकरा जण क्षणभर गप्प झाले. मग पुन्हा सगळे एकदम सुरू.

ब्रॅडफर्डच्या कोर्टातली ज्युरीची खोली. गुरुवारची दुपार. चहा गार झालेला, बिस्किटांचा पुडा संपलेला. रीस नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरानं भर रस्त्यात बाटली मारून एका दुकानदाराचा जबडा फोडला, असा आरोप होता. ते खरं की खोटं, एवढंच ठरवायचं होतं.

जॅनिस जन्मापासून बहिरी. वय अठ्ठावन्न, धंदा पडदे शिवायचा. याआधी दोनदा तिला ज्युरीचं बोलावणं आलं होतं आणि दोन्ही वेळा मागोमाग दुसरं पत्र: माफ करा, येऊ नका. ज्युरीच्या बंद खोलीत बारा जणांशिवाय तेरावा माणूस चालत नाही, मग तो दुभाष्या का असेना. दोन्ही वेळा ती आठवडाभर धुसफुसत होती. मग कायदा बदलला. तिसरं बोलावणं आलं, आणि या वेळी रोवन तेरावी म्हणून शपथ घेऊन आत आली.

ज्युरीचा प्रमुख होता कीथ. त्याचं टायरचं दुकान होतं आणि त्याला तिथं परतायची घाई होती. त्यानं हात वर करायला सांगितले. दोषी म्हणून दहा हात वर गेले. जॅनिसचा नाही. आणि कोपऱ्यातल्या एमलिनचा नाही.

कीथ रोवनकडं वळला. "अहो, त्यांना सांगा, यात एवढं काही अवघड नाहीये. साक्षीदार बाईनं पोराला डोळ्यांनी बघितलंय."

"मी इथं बसलीय," जॅनिसचे हात म्हणाले. "मला सांगा."

कीथचे कान लाल झाले. "हे बघा बाई, असं एकेकानं बोलत बसलो तर उद्याची संध्याकाळ होईल. आपण काय शाळेत आलोय?"

"होऊ दे संध्याकाळ. त्या पोराची पाच वर्षं जातील. मला कान नाहीत, पण मत आहे. आणि सगळ्यांचं कळल्याशिवाय मी ते देणार नाही."

रोवननं शब्द न् शब्द तसाच्या तसा सांगितला, जॅनिसच्याच तोऱ्यात.

मग जॅनिसनं डावीकडून एकेकाकडं बोट करायला सुरुवात केली. गंमत म्हणजे, एकट्यानं बोलायची वेळ आली तसं प्रत्येकाचं बोलणं आखूड होत गेलं. एका नर्सनं तर कबूलच केलं, "सगळ्यांचे हात वर गेले, म्हणून माझाही गेला."

एमलिनची पाळी आली. बस डेपोतून निवृत्त झालेला हा माणूस. चार दिवसांत त्याचं एकही वाक्य पुरं झालं नव्हतं. तो अडखळत बोलायचा. पहिल्याच अक्षरावर जीभ अडली की कीथ त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा, तेही भलतंच.

"फ... फो..."

"फोनचं ना? झालं की ते मघाशी!"

जॅनिसनं टेबलावर थाडकन हात आपटला. कप हिंदकळले. 

सगळे थांबले. रोवनचे हातही हवेत थांबले. जॅनिस एमलिनच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. तिला घाई नव्हती. जन्मभर प्रत्येक शब्द तिच्यापर्यंत उशिराच आला होता.

"फोटो," एमलिन म्हणाला. "चार नंबरचा."

पोलिसांनी घटनेच्याच संध्याकाळी काढलेला तो फोटो कागदांतून बाहेर आला. ज्या धुलाईच्या दुकानातून साक्षीदार बाईनं पोराला बघितलं म्हणे, त्याची काच खालपासून माणसाच्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत जाहिरातींनी झाकलेली होती.

"ती म्हणाली, पाय दुखत होते, बा... बाकावरून उठलेच नाही. मग तिनं बघितलं कु... कुठून?"

फोटो हातोहात टेबलाभोवती फिरला आणि कीथपाशी बराच वेळ राहिला.

शुक्रवारी सकाळी त्यानंच उभं राहून निकाल सांगितला. निर्दोष. वरच्या सज्जातून रीसची आई जिन्याकडं धावली.

बाहेर पायऱ्यांवर एमलिननं जॅनिसला गाठलं. कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं एक चुरगळलेला अर्ज काढून तिच्या हातात दिला. 'मला नीट बोलता येत नाही, तरी या कामातून सूट मिळावी.' खाली त्याची सही.

तिनं भुवया उंचावल्या. रोवन घाईघाईनं जवळ आली.

"सोमवारी हा द्यायला खि... खिडकीपाशी रांगेत उभा होतो," एमलिन म्हणाला. "माझ्या पुढं तुम्ही होतात. कारकून तुम्हाला सूट देत होता, आणि तुम्ही काही केल्या घेत नव्हतात."