दुसऱ्या कोपऱ्यावर

नोएमी बॅग घेऊन दाराबाहेर आली तेव्हा नवं वर्ष जेमतेम साडेआठ तासांचं झालं होतं आणि सगळी गल्ली अजून फुटपाथवरच होती. रात्रभर जागलेले शेजारी खुर्च्या टाकून बरगडीचा गरम रस्सा पीत बसले होते. कुणाला न सांगता निसटायचा तिचा बेत तिथंच बारगळला.

"आत्ता उठलीस होय?" समोरच्या बेर्तुल्फोनं तिच्या बॅगेकडे बघत विचारलं. "बारा वाजता सगळ्या गल्लीनं फेरी मारली, तू नव्हतीस. आता नशीब दार उघडेल का?"

"उघडेल की," त्याची बायको रोस्मिरा म्हणाली. "नशीबही काल प्यायलेलंच होतं. ते तरी कुठं लवकर उठतंय."

नवं वर्ष लागताच रिकामी बॅग घेऊन घरांच्या चौकोनाला एक पुरी फेरी मारली की वर्षभरात प्रवास घडतो, अशी तिथली समजूत. नोएमी एकोणीस वर्षं मारत आली होती. तिचा प्रवास घडला होता तो दूध डेअरीच्या प्रयोगशाळेपर्यंत आणि परत.

"एकटीनं फेरी मारायची नसते," बेर्तुल्फोनं जाहीर केलं आणि वाडगा खाली ठेवला. दाराशी पडलेल्या रात्रीच्या बॅगा पाच-सहा जणांनी पुन्हा उचलल्या. रोस्मिरानं खांद्यावरची लोकरी शाल, रुआना, सारखी केली आणि आपली बॅग घेतली.

नोएमीनं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं की काय होईल हे तिला ठाऊक होतं. कुठं, असं विचारतील. मग सोबत कोण. मग एकटी का. मग तिला बसवून घ्यायला एक खुर्ची येईल. आज बस एकच होती, नऊची. डेअरीतून पाच दिवसांची रजा मिळाली होती, आणि आज राहिली तर उद्या राहण्यासाठीही कारण सापडणार होतं. तिनं मनात अंतर मोजलं. बस चौकातून सुटते. चौक दुसऱ्या कोपऱ्यावरून सरळ पुढे. तोवर यांच्याबरोबर चालता येईल.

मंडळी निघाली. दगडी फरसबंदीवर रिकाम्या बॅगा उड्या मारत होत्या, डब्यांसारख्या वाजत होत्या. तिची बॅग उडत नव्हती. प्रत्येक दगडावरून ती एक छोटा, खालचा आवाज करत जायची. हे कुणालातरी ऐकू येईल असं तिला वाटलं, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

पहिल्या कोपऱ्यावर बेर्तुल्फोनं हात पुढे केला. "दे इकडे, मी ओढतो." त्याचा खांदा एकदम खाली गेला. "यात काय दगड भरलेत?"

"कपडे," नोएमी म्हणाली. "दुर्बीण. पाण्याच्या दोन बाटल्या."

"अगं, फेरीला बॅग रिकामी लागते. भरलेली चालत नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"नऊची बस आहे."

सगळ्या बॅगांचा खडखडाट थांबला.

"ताताकोआला चाललेय," ती म्हणाली. "वाळवंट आहे. रात्री तारे बघायचेत."

"तारे काय इथं नाहीत? छपरावर चढ. तिकीटही लागत नाही."

"इथं तिन्ही बाजूंना डोंगर आहेत. बावन्न वर्षांत मी अर्धंच आकाश पाहिलंय."

"आणि सोबत कोण?"

"कुणी नाही."

बेर्तुल्फोनं मान वळवून इतरांकडे पाहिलं, जणू मतदान घेत होता. "बाईमाणूस. एकटी. वाळवंटात." मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, आधी फेरी तर पुरी कर. अर्ध्यात सोडलीस तर वर्षही अर्ध्यात राहतं. बस काय, उद्याही आहे."

तिनं त्याच्या हातातून दांडी काढून घेतली आणि चालू लागली. बाकीचेही तिच्या मागे चालू लागले, कारण फेरी सुरू होती.

दुसऱ्या कोपऱ्यावर सगळे डावीकडे वळले, दर वर्षीसारखे. नोएमीचा पायही वळला. तिनं तो उचलून सरळ टाकला.

"उरलेले दोन कोपरे माझ्यासाठी तुम्ही करा, बेर्तुल्फो," ती मागे न बघता म्हणाली.

तिच्या मागे एक रिकामी बॅग वाजू लागली. तिला परत न्यायला कुणीतरी येत होतं. नोएमीनं पावलं लांब टाकली. मागचा खडखडाटही भरभर होऊ लागला, पण ती थांबली नाही.

बसच्या दाराशी पोचल्यावरच तिनं वळून पाहिलं. रोस्मिरा होती. तिला धाप लागली होती.

"मी थांबणार नाही," नोएमी म्हणाली.

"थांब कोण म्हणतंय? जागा आहे का तेवढं विचार."

नोएमी तिच्याकडे बघत राहिली. "आणि बेर्तुल्फो?"

"त्याला सांगितलंय, मसूर पातेल्यात आहे. गरम करायला शिकेल." रोस्मिरानं कपाळ पुसलं. "तिथं थंडी असते का गं?"

"दिवसा चाळीसच्या वर जातं."

"मग फार काही लागणार नाही."

कंडक्टर खाली उतरला. नोएमीची बॅग टपावर चढवताना तो कण्हला. दुसरीही तसलीच असणार म्हणून त्यानं पाय रोवले, दोन्ही हातांनी जोर लावला, आणि रोस्मिराची बॅग त्याच्या डोक्याच्याही वर उडाली.