मुखपृष्ठावरची चिंगी

“ह्याला आम्ही ‘झोपलेलं शहर’ म्हणतो; ही निजलेली पोर म्हणजे शहर. चित्रकार अज्ञात,” प्रदर्शन दाखवणारी मुलगी सांगत होती. “चोरून छापलेल्या त्या मासिकात चित्राखाली नाव टाकायचं नाही, असा दंडकच होता. आम्ही सगळे चित्रकार त्यातली चित्रं पाहतच वाढलो.”

भिंतीवरचं ते मुखपृष्ठ पाहून नलूताई पुढे सरकल्या. कसलं शहर! ती त्यांची लेक, चिंगी होती. तापात जरा निजली, तेव्हा मांडीवर छपाईचा मेणकागद, स्टेन्सिल, धरून त्यांनी सुईनं कोरलेली. अंक निघाला तेव्हा चिंगी उरली नव्हती. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता, आणि अंक तर हातोहात वाटले गेले. घरात एकही राहिला नाही.

त्यांनी हळूच तिच्या गालाकडे बोट नेलं.

“आजी, हात नका लावू!” पहारेकरी ओरडला.

“हळू बोला हो,” नलूताई पुटपुटल्या. “आत्ताच कुठे डोळा लागलाय तिचा.”