ताटातली अर्धी पोळी

गजेंद्रने ताटावर आडवा हात धरला आणि केसरबाईंच्या हातातलं तुपाचं भांडं जागच्या जागी थांबलं.

अधिक महिना होता. रामाकोन्याला सासूबाई केसरबाईंच्या घरी दोन्ही जावई धोंड्याच्या जेवणाला आले होते. थोरला गजेंद्र पांढुर्ण्याला शाळेत मास्तर, धाकटा अनिल सौंसरला तहसिलीत बाबू. दोघंही असे खाणारे की पंगतीत त्यांच्यानंतर बसलेल्यांना पोळी मिळायची शाश्वती नसे. मागच्या अधिकात दोघांनी मिळून पोळ्यांची अख्खी टोपली रिकामी केली होती आणि ती गोष्ट केसरबाईंनीच बोरगावपर्यंत पोचवली होती. यंदाही त्या पहाटेपासून पुरण वाटत होत्या, डाव्या पायाला पट्टी बांधून.

पट्टीखालची जखम होळीपासून भरत नव्हती. रक्तातली साखर उतरायचं नाव घेत नव्हती. सौंसरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, साखर आणि भूक आवरणारी, हप्त्यातून एकदाची सुई सुरू करा, नाहीतर आधी बोट जाईल, मग पाऊल. केसरबाईंचं उत्तर ठरलेलं. "सुई कायले पायजे? मी तोंडाले कुलूप लावतो." हे कुलूप सकाळी लागायचं आणि दुपारी निघायचं. थोरली लेक उर्वशी समजावून समजावून थकली होती.

दोन्ही जावयांनी मात्र आपापल्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून तशी सुई सुरू केली होती, आणि दोघांची सुई एक नव्हती. त्यामुळे ताटावर बसल्यावरही, पोळ्याच्या दिवशी बैलांची तुलना व्हावी तशी, सुयांची तुलना चालली होती.

"तुमची सेमाग्लुटाइड पोट भरलं म्हणून डोक्याले सांगणाऱ्या एकाच निरोप्याची नक्कल करते, भाऊ," अनिल म्हणाला. "माही तिर्झेपटाइड दोघांची करते. वजन जास्त उतरते."

"उतरत असंन. पण मळमळ किती झाली ते सांगा न, अनिलभाऊ."

"पहिले पहिले झाली. तुमाले नाही झाली?"

"झाली," गजेंद्रने कबूल केलं.

दोन्ही पोटावरच टोचायच्या, दोन्ही हप्त्यातून एकदा, दोन्हींचा डोस हळूहळू चढवायचा. तरी ज्याला त्याला आपली ती खरी वाटत होती. केसरबाई वाढता वाढता ऐकत होत्या आणि मनात म्हणत होत्या, पोळी समोर आली की पाहू.

पोळी समोर आली. आणि दीड पोळीतच गजेंद्रचा हात आडवा पडला. अनिलच्या ताटातही अर्धी तशीच होती. केसरबाईंना रडूच आलं. धोंड्याच्या दिवशी जावयाने ताटात टाकायचं म्हणजे काय?

"चुकलं का काई, जवाईबापू? पुरण कच्चं राह्यलं का?"

"पुरण एक नंबर आहे, आई. पोट भरलं."

"दीड पोळीत?"

गजेंद्रने ताटावरचा हात काढला. मग शाळेत मुलांशी बोलतो त्याहून हळू आवाजात बोलू लागला.

"लहान होतो तवापासून माह्या पोटात कोणीतरी बोलून राहिलं होतं, आई. ताटावर बसलो की अजून घे. उठलो की डब्यात काय आहे पाह्य. मले वाटे, सगळ्यायच्याच पोटात बोलत असंन, लोकं ऐकत नाहीत अन् मी ऐकतो. सुई सुरू झाल्यावर एक दिवस शाळेतून आलो, सवयीनं डब्यापाशी गेलो, झाकण काढलं आणि उभाच राह्यलो. आतून कोणी काही बोललंच नाही. घर खाली झाल्यासारखं वाटलं. घाबरलो मी."

"माहंही तसंच झालं," अनिल म्हणाला. या बाबतीत आपली सुई वरचढ आहे असं तो म्हणाला नाही.

केसरबाई भांडं घेऊन तिथेच खाली बसल्या. त्यांचे यजमान रामाजी हयात असताना पाहुण्यांसमोर त्यांना हसत हसत हावरट म्हणायचे, आणि त्याही हसायच्या. चतुर्थ्या धरल्या, सोमवार धरले, माझी जीभ आवर म्हणून देवापुढे नाक घासलं. आणि उपास सुटायच्या आधीच पदराआड गुळाचा खडा असायचा. त्या खड्याची लाज त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

"तुमालेबी बोलते ते?" त्यांनी विचारलं.

"बोलत होतं."

"म्हणजे तो माहा हावरेपणा नव्हता?"

शेजारीच वाढणाऱ्या उर्वशीने आईच्या पाठीवर हात ठेवला. केसरबाई त्या दोन आडदांड माणसांकडे पाहत राहिल्या. समोर तुपातली पोळी, आणि दोघं कसे निवांत बसलेले. जावई म्हणजे नारायण म्हणून सकाळी त्यांनीच दोघांचे पाय धुतले होते. ती रीत होती. आता मात्र त्यांना खरोखरच हात जोडावेसे वाटले, जावयांना नव्हे, त्यांच्या पोटातल्या त्या शांततेला. एवढं नवल त्यांना आयुष्यात कशाचं वाटलं नव्हतं.

"मंग मले सांगा," त्या म्हणाल्या, "दोन्हीतली कोणती घ्यावी?"

अनिल सरसावला. "पाहा आई, वजनाचा हिशेब केला तर..."

"वजनाचं राहू द्या बाप्पा. त्याले लवकर चूप कोणती करते, तेवढं सांगा."

जावयांनी एकमेकांकडे पाहिलं. "ते डॉक्टरच सांगतीन, आई," गजेंद्र म्हणाला. "तुमचा पाय पाहून."

"मंग हात धुवा. चाला."

केसरबाईंनी तुपाच्या भांड्यावर झाकण ठेवलं.