कनातीपलीकडे

आई गेली त्याच वर्षी उरसाच्या वेळी आळंदला तंबूतला सिनेमा आला. त्यात चितारलेली जनावरं चालतात, नाचतात, असं ऐकून अप्पा आम्हा दोघी बहिणींना घेऊन गेले. मी सात वर्षांची होते, धाकटी तीनची.

तंबूत मधोमध कनात होती. एका बाजूला बाया आणि लेकरं, दुसऱ्या बाजूला पुरुष. अप्पांनी आम्हाला कनातीपाशी सोडलं आणि म्हणाले, "मोठ्यानं हस बाई. मला इकडं ऐकू येईल. मंग मला कळंल, तुमी बऱ्या हाव म्हणून."

पडद्यावरचा हत्ती घसरून पाण्यात पडला आणि सगळा तंबू हसला. बाकीची लेकरं आपापल्या आयांच्या मांडीवर होती. माझ्या मांडीवर धाकटी झोपली होती.

बाहेर आल्यावर अप्पांनी विचारलं, "हसू आलं का गं?"

"लई," मी म्हणाले.

"मी बी लई हसलो बघ."

अठरा वर्षांनी अप्पा गेले. तिसऱ्या दिवशी त्यांचे मित्र गुरुशांतप्पा भेटायला आले. त्या सिनेमाला ते अप्पांच्या शेजारीच बसले होते. मी म्हणाले, "काका, त्या दिवशी अप्पा लई हसले होते, व्हय ना?"



"कशाचा हसतोय! कनातीला कान लावून बसलावता. सारखं मलाच विचारायचा, 'गुरुशांतप्पा, माझी पोर कामून हसंना?'"