वाचन: देवेश भोईर

ठाकुर्लीच्या फ्लॅटमधल्या कपाटात, गोधड्यांच्या मधोमध बसून देवेश भोईरने माइकसमोर स्वतःचं आख्खं पुस्तक वाचून काढलं. राहिल्या होत्या फक्त सुरुवातीची आणि शेवटची घोषणा. त्या आज दुपारपर्यंत आल्या नाहीत तर ऑडिओबुक रद्द, असं कंपनीने अत्यंत प्रेमाने कळवलं होतं.

"लेखन आणि वाचन, देवेश भोईर," तो म्हणाला. हेडफोन लावून ऐकलं, तर नावामागे कुणीतरी आंब्याची कोय चोखत होतं.

"जागृती, काय खातेयस गं?"

"उपाशी आहे मी! तुझ्या पुस्तकापायी मिक्सर बंद ठेवलाय," बायको बाहेरून ओरडली.

देवेशने दात घासले, जीभ खरवडली, पुन्हा रेकॉर्ड केलं. चोखणं आता जवळ आलं होतं. लाळेची तार तुटल्याचंही स्वच्छ ऐकू येत होतं. क्वालिटी उत्तम होती.

उरली शेवटची घोषणा. "पुस्तक संपलं, श्रोतेहो. जातो."

"जातो काय रे? येतो म्हणावं!" जागृती करवादली.

त्याने "येतो" म्हणून घोषणा पुन्हा रेकॉर्ड केली.

ऐकायला घेतलं, तेव्हा हेडफोनचा उजवा स्पंज कोमट आणि चिकट लागला. घोषणाभर कोय मचमच वाजत राहिली. "येतो" म्हटल्यावर ती थांबली. कुणीतरी कोय थुंकली, ओठ चाटले आणि अगदी अगत्याने म्हणालं,

"ये."