रिकाम्या टाकीचा आवाज

नार्नूरच्या चहाटपरीवर सुरेंद्रनं शेजारच्या देवाजीला डिवचलं. "वैनीच्या नावावरचा गॅस दुसऱ्या एजन्सीत जाते का कधी? गेला, तर रिकामी टाकी डोक्यावर घेऊन बाजारातून फिरतो."

"लागली पैज," देवाजी म्हणाला.

देवाजीच्या बायकोला, सखूबाईला, जाऊन वर्ष झालं होतं. जुनी एजन्सी महिना-महिना टाकी देत नव्हती. नवी म्हणायची, मालकिणीचा अंगठा आणा, नाहीतर नाव बदला. नाव मात्र देवाजीला बदलायचं नव्हतं. घरात तिचं तेवढंच उरलं होतं. ते, आणि तिची सांडशी. त्या सांडशीनं ती टाकीवर तीनदा ठोकायची आन् आवाज ऐकून सांगायची, "संपली जी."

बाजाराच्या दिवशी नव्या एजन्सीची गाडी दारात थांबली. भरलेली टाकी उतरवत गाडीवाला म्हणाला, "काल बाई स्वतः येऊन अंगठा देऊन गेल्या न."

"कोन बाई?" सुरेंद्रनं विचारलं.

"सखूबाई. कार्डावर फोटो हाये, त्याच."

देवाजीनं रिकामी टाकी दारात आणून ठेवली.

पैज ती पैज. रिकामी टाकी गाडीत चढायच्या आधी सुरेंद्रनं डोक्यावर घेतली, दोन्ही हातांनी घट्ट धरली आन् बाजारातून निघाला. बाया-पोरं हसत मागं लागली, देवाजी बाजूनं चालला. भाजीच्या दुकानांपाशी टाकी वाजली. टण, टण, टण.

हसू थांबलं. सुरेंद्रचे दोन्ही हात कडीवरच होते.

"देवाजी, उतरवू का आता?" तो पुटपुटला.

"नको," देवाजी म्हणाला. "हळू चाल, सुरेंद्र. बाजार लवकर सरते."